गहू चालत नाही आणि फौजेत जायचंय

भरतीचा फॉर्म भरायला बसण्याआधी एक गोष्ट नक्की करा: गहू 'चालत नाही' म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं? ठाण्याच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या पोरांच्या तोंडी हे एकच वाक्य असतं, पण त्यामागे तीन-चार वेगवेगळे प्रकार दडलेले असतात. त्यातल्या एकाने फौजेचं दार बंद होतं, एकाने जीव जाऊ शकतो आणि एकात खरं तर काहीच झालेलं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी गहू सोडायचा आणि मग तपासायला जायचं. पोट फुगतं, जुलाब होतात, वजन वाढत नाही म्हणून कुणीतरी सांगतं, 'ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, बंद कर.' पोरगा दोन महिने भाकरी खातो, बरं वाटतं, मग लॅबमध्ये जातो. रिपोर्ट निगेटिव्ह. आता यात काहीच कळत नाही. पहिला प्रकार सीलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं असा आजार. त्याची रक्तचाचणी शरीराने त्यासाठी बनवलेल्या अँटिबॉडी मोजते आणि गहू पोटात गेला नाही की त्या अँटिबॉडी हळूहळू उतरतात. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आजार असला तर तो आहे तिथेच राहतो.

क्रम उलटा हवा. गहू चालू ठेवून टीटीजी आयजीए ही सीलिॲकची रक्तचाचणी करायची आणि सोबत एकूण आयजीएसुद्धा. ही दुसरी चाचणी पैसे वाचवायला गाळू नका. काहींच्या रक्तात आयजीए, म्हणजे अँटिबॉडीचा एक प्रकार, मुळातच कमी असतं, त्यांची पहिली चाचणी आजार असूनही निगेटिव्ह येते. पॉझिटिव्ह आली तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेतात, साधारण चार-सहा. यालाच बायोप्सी म्हणतात. एकाच तुकड्यावर समाधान मानू नये, कारण आतड्याचं नुकसान सगळीकडे सारखं नसतं. गहू आधीच सोडला असेल तर डॉक्टरांना विचारून रोज दोन चपात्या सहा-आठ आठवडे खाऊन मग तपासा. ३० ग्रॅम कणकेच्या चपातीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, तेव्हा दोन पुरतात. भरतीची तारीख डोक्यावर असताना हे आठवडे मिळत नाहीत, म्हणून हे काम जाहिरात यायच्या आधीचं.

एक स्थानिक गोम. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी रोजची असते. दिव्यात, ऐरोलीत वाढलेल्या पोराच्या पोटात गहू जातो तो वडापावाच्या पावातून आणि अधूनमधून चपातीतून. आजार असला तरी घरी तो दबून राहू शकतो. ट्रेनिंग सेंटरच्या लंगरात, म्हणजे फौजेच्या सामायिक स्वयंपाकघरात, मात्र गहू तिन्ही वेळा ताटात असतो. जुलाब नसले तरी हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नाही, सरावाला दम पुरत नाही, तोंडात वारंवार फोड, भावंडांपैकी कुणाला सीलिॲक. यातलं काही असेल तर ही चाचणी करून घ्या. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. तो आतड्यामुळे असेल तर पालक-बीट खाऊन हटत नाही.

दुसरा प्रकार गव्हाची ॲलर्जी. ही मिनिटांत ते दोन तासांत उठते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, घरघर. तिचा एक पोटप्रकार धावणाऱ्यांनी ओळखून ठेवायलाच हवा. नुसता गहू खाल्ला तर काही होत नाही, नुसतं धावलं तर काही होत नाही, पण खाल्ल्यावर चारेक तासांच्या आत जोरात धावलं की अंगभर गांधी येतात, श्वास अडकतो, चक्कर येऊन माणूस कोसळतो. वेदनाशामक गोळी घेतलेली असेल तर हे आणखी सहज होतं. आणि गुडघा दुखतोय म्हणून गोळी, नाश्त्याला चपाती, मग १६०० मीटर, हा भरतीच्या पोरांचा नेहमीचा शिरस्ता! असं एकदाही झालं असेल तर मैदान थांबवा आणि ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवा. 'ऊन लागलं' म्हणून सोडून देऊ नका.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यात आजार असा काही नसतो. गव्हात फ्रुक्टान नावाची साखर असते, ती काहींच्या पोटात गॅस करते. कांदा-लसणातही तीच असते. कांदाभजी खाऊनही पोट फुगत असेल तर बिचाऱ्या गव्हाला दोष कशाला?

दुधाचंही तसंच. लॅक्टोज पचत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी कपभर दूध, म्हणजे साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, सोसतं. धावून आल्यावर एका दमात लिटरभर दूध ढोसलं की पोट बिघडणारच, त्याला आजार म्हणत नाहीत. दही आणि चहातलं दूध बहुतेकांना चालतं.

आता मेडिकल. ठाणे जिल्हा मुंबईच्या सैन्य भरती कार्यालयाच्या हद्दीत येतो. अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी, मग मैदानी, मग मोजमाप, मग वैद्यकीय तपासणी असा क्रम असतो. महाराष्ट्रातल्या जनरल ड्यूटीच्या मुलांना उंची १६८ सेंमी आणि छाती ७७ सेंमी, फुगवून ५ सेंमी वाढ लागते. या तपासणीत सीलिॲकची रक्तचाचणी सरसकट होत नाही. त्यावरून 'सांगू नकोस, कळणार नाही' असा सल्ला हमखास मिळतो. मला तो सल्ला अजिबात पटत नाही आणि कारण नीतिमत्तेपेक्षा स्वयंपाकघरातलं आहे.

लंगर शेकडो माणसांचा असतो. तिथे तुमची चपाती वगळणं सोपं आहे, पण ग्लुटेन फक्त चपातीत नसतं. भाताचा डाव आणि पुरीची परात शेजारी, तळणीचं तेल एकच, पिठाची धूळ सगळीकडे. बाहेर सरावाला गेलं की पुरी-भाजी, शक्करपारे, बिस्किटं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेली खाण्यास तयार पाकिटं उत्तम टिकतात, पण त्यांतही सुजी हलवा आणि चपाती असतेच. सीलिॲकमध्ये 'थोडंसं' असं काही नसतं. ग्लुटेनमुक्त म्हणायची आपल्याकडची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. तांदळाच्या मोठ्या पातेल्यात कणकेचा हात लागला तरी ती ओलांडली जाऊ शकते. उंचावरच्या चौकीत जे वर पोचेल तेच खायचं असतं, तिथे नाही म्हटलं तर उपाशी राहावं लागतं. फौज पथ्याच्या माणसाला नाकारते ती यासाठी. शिवाय फॉर्मवर जुन्या आजारांची विचारणा असते आणि खाली तुमची सही. खोटं उघड झालं तर ट्रेनिंगच्या मध्यातून घरी यावं लागतं आणि ती वर्षं वयाच्या मर्यादेतून वजा होतात.

तेव्हा सरळ सांगायचं तर बायोप्सीने सिद्ध झालेला सीलिॲक घेऊन शिपाई किंवा अधिकारी म्हणून निवड होईल, ही आशा धरू नका. इन्सुलिनवरच्या मधुमेहाचंही तेच. शेंगदाण्याने घसा सुजत असेल तर तेही लपवू नका. पोह्यांवर दाणे, आमटीत कूट, चटणीत कूट, खिशात चिक्की, आपल्याकडे ते टाळणं गव्हाइतकंच अवघड. नुसत्या लॅक्टोजच्या तक्रारीने मात्र घाबरून अर्जच न भरणं हा वेडेपणा आहे.

अपीलाबद्दल फार गैरसमज आहेत. अधिकारी भरतीत अनफिट ठरवलं तर अपील मेडिकल बोर्ड मागता येतो आणि तो ४२ दिवसांच्या आत व्हावा लागतो. तपासणी कुठल्या सैनिकी रुग्णालयात, ते पत्रात लिहिलेलं असतं. त्यापुढचा रिव्ह्यू बोर्ड हा हक्क नाही, तो मंजूर करणं त्यांच्या हातात. अपील उपयोगी पडतं ते निदान चुकलं असेल तेव्हा. कुणीतरी जुन्या चिठ्ठीवर 'ग्लुटेन इन्टॉलरन्स' असं मोघम लिहून ठेवलंय आणि गहू खात असताना केलेल्या तुमच्या दोन्ही चाचण्या स्वच्छ आहेत, तर ते कागद घेऊन जायला अर्थ आहे. बायोप्सीवर वकिली चालत नाही.

निदान पक्कं झालं की घरची बाजू सांभाळा. गिरणीत ज्वारी गव्हानंतर दळली तर जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. गिरणीवाल्याला 'आधी थोडी ज्वारी टाकून जातं साफ कर' म्हटलं तरी भरवसा नाही. वाशीच्या एपीएमसीतून आख्खी ज्वारी, नाचणी, तांदूळ आणा, निवडून धुऊन वाळवा आणि घरघंटीवर दळा, जिच्यात गहू कधी पडलेला नाही. भाकरीचा तवा आणि परात वेगळी. बंधाणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे वरणाच्या फोडणीतून रोज ग्लुटेन. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्या. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सोया सॉसमध्ये असतो, माल्टच्या पावडरमध्ये जव असतं. पोहे, साबुदाणा, घावन, उकडीचे मोदक बिनधास्त.

आणि गणवेशाची ओढ खरी असेल तर ठाणे-मुंबईतच दुसरे दरवाजे आहेत. अंबरनाथला आयुध कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आहे. आयुध कारखाने २०२१ मध्ये सरकारी कंपन्यांत गेले, पण काम संरक्षणाचंच. त्याच गावात नौदलाच्या सामग्रीवर संशोधन करणारी डीआरडीओची, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या नौदल गोदीत आयटीआय झालेल्यांना शिकाऊ म्हणून घेतात. या नोकऱ्यांनाही वैद्यकीय तपासणी असते, पण तिथे दुपारी लंगराच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी डब्यात बांधून सकाळची कर्जत लोकल पकडायची.