सारा भरणाऱ्याची शाळा

नागपूर महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे देयक नीट वाचले, तर महापालिकेच्या स्वतःच्या करांबरोबर राज्य शासनाच्या शिक्षण कराचाही रकाना त्यात दिसतो. १९६२ च्या कायद्याने आलेला हा कर आपण बाकीच्या रकमेबरोबर भरून मोकळे होतो. परंतु शिक्षणाच्या नावाने लोकांकडून वेगळा पैसा घेण्याची ही रीत आपल्याकडे त्याहून शंभर वर्षांनी जुनी आहे, आणि ती सुरू झाली तेव्हापासून एक प्रश्न तिच्या मागे लागलेला आहे : पैसा कोण देतो आणि शिकतो कोण? मला हा प्रश्न आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीची सनद वाढवून देणाऱ्या १८१३ च्या सनदी कायद्यापासून करावी लागते. हिंदुस्थानातील शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढावेत, असे कलम त्या कायद्यात प्रथमच आले. इंग्लंडच्या पार्लमेंटने स्वतःच्या देशातील शाळांच्या इमारतींसाठी वीस हजार पौंड मंजूर केले ते १८३३ साली, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. हे वाचून कंपनी सरकार फार उदार होते असे वाटेल, पण कलमाचे शब्द पाहिले की भ्रम दूर होतो. लष्कर, मुलकी कारभार, व्यापार आणि कर्जाचे व्याज हे सगळे भागवून जे शिल्लक उरेल, त्यातून हा लाख काढायचा होता. कलकत्त्यास १८२३ मध्ये शिक्षण समिती नेमली जाईपर्यंत तो पैसा जवळजवळ कागदावरच राहिला. शिक्षणाचा वाटा सर्वांच्या शेवटी काढण्याची ही सवय पुढे कधी पुरती सुटली, असे मला म्हणता येत नाही.

पुण्यात मात्र वेगळी परंपरा होती. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेल्यावर कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने ती एकदम बंद केली नाही. पन्नास हजारांपर्यंतची रक्कम चालू ठेवली आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली. पुढे १८३५ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंकच्या ठरावाने सरकारी पैशाचा ओघ इंग्रजी शिक्षणाकडे वळला आणि वरच्या थोड्या लोकांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, असे धोरण रूढ झाले. भाषा बदलली, पण शिकणारा वर्ग फारसा बदलला नाही.

नागपूर या व्यवस्थेत आले ते १८५४ साली. तिसरे रघुजीराजे १८५३ च्या डिसेंबरात वारले, राज्य खालसा झाले, आणि त्याच १८५४ च्या जुलैमध्ये चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता निघाला. सगळ्या शाळा सरकारने स्वतः चालवाव्यात असे न म्हणता, खासगी शाळांना काही अटींवर मदत द्यावी, हे तत्त्व या खलित्याने घालून दिले. शाळेचे स्थानिक व्यवस्थापन चांगले असावे, ऐहिक विषयांचे शिक्षण चांगले दिले जावे, सरकारी तपासणी मान्य असावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली जावी, अशा त्या अटी होत्या. शाळेत धर्म कोणता शिकवतात हे पाहायचे नव्हते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांची मिशनची शाळा १८४६ पासूनच चालू होती. अशा संस्थांना या तत्त्वाने सरकारी तिजोरीचे दार उघडले. फीची अट मात्र मला नेहमीच खटकत आली आहे. ज्याच्या घरी फी नाही, त्याच्या शाळेला मदतही नाही, असा तिचा सरळ अर्थ होत होता.

खेड्यांसाठी पैसा वेगळ्या वाटेने आला. उत्तरेत मथुरेकडे १८५० च्या सुमारास हलकाबंदी शाळा सुरू झाल्या होत्या. काही गावांचा मिळून एक हलका करायचा, मध्यावरच्या गावात शाळा ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी जमीनदारांनी सरकारी साऱ्यावर शेकडा एक रुपया द्यायचा, अशी ती योजना होती. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाले आणि पुढच्याच वर्षी शिक्षण खाते निघाले. या प्रांताच्या जमाबंदीत मालगुजारांवर, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनदारांवर, सडका आणि टपालाबरोबर शाळेचाही उपकर बसला. उपकर मालगुजाराने भरायचा खरा, पण मालगुजाराकडे पैसा येई कुळांच्या नांगरातून. मुंबई इलाख्यात हेच काम साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाने केले. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता.

या आण्याचा हिशेब जाहीरपणे मागितला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ च्या ऑक्टोबरात, शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. ती तक्रार करून ते थांबले नाहीत. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे द्यावेत, शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, इतक्या तपशिलाने ते लिहितात. शिक्षकाच्या पगारापर्यंत जाऊन हिशेब मांडणारा माणूस शाळा प्रत्यक्ष चालवलेलाच असू शकतो. झिरपण्याच्या सिद्धांताला इतके नेमके उत्तर त्या काळी दुसऱ्या कोणी दिले असेल असे मला वाटत नाही.

त्या काळी तपासणीवर आणि निकालावर अनुदान ठरवण्याची पद्धतही चालू होती. तिचा उगम इंग्लंडच्या १८६२ च्या संहितेत आहे. तपासनीस शाळेत येई, एकेका मुलाचे वाचन, लेखन आणि गणित पाही, आणि मूल एका विषयात नापास झाले की शाळेच्या अनुदानातून दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची रीत आली. शिक्षकाने मग पुढे जाणाऱ्या मुलाकडे पाहावे की मागे पडणाऱ्या, हे सांगायला नकोच. १९०४ च्या सरकारी ठरावानंतर ही पद्धत मागे पडली.

नागपुरात महाविद्यालये उभी राहिली ती १८८० च्या दशकात : १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज, १८८५ मध्ये मुख्य आयुक्त मॉरिस यांच्या नावाने मॉरिस कॉलेज. परीक्षा आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या. स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ साली. पुढे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी तंत्रशिक्षणासाठी आपली संपत्ती याच विद्यापीठाला दिली. आज हिवाळी अधिवेशनात विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांचे मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात, तेव्हा टप्पा अनुदानाच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या सरकारी मदतीच्या, त्यांच्या मागणीमागे १८५४ पासूनचा हा सगळा इतिहास उभा असतो. वर्षानुवर्षे अपुऱ्या पगारावर शिकवणाऱ्या त्या माणसांची मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात आणले ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी, १९११ च्या मार्चमध्ये. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून राज्यभर ते करून दाखवले होते. गोखल्यांच्या विधेयकात सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना होता, त्यासाठी त्यांना शिक्षण कर बसवता येणार होता, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा होता आणि ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घ्यायची नव्हती. वुडच्या खलित्यातील फीच्या अटीला मिळालेले हे पहिले ठाम उत्तर होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. मध्य प्रांताने १९२० साली स्वतःचा प्राथमिक शिक्षण कायदा केला, आणि सक्ती आणायची की नाही हे ठरवण्याचे काम नगरपालिका आणि जिल्हा कौन्सिलांकडे आले. त्यांच्या हाती पैसा मात्र तोच होता : साऱ्यावरचा उपकर आणि सरकारकडून मिळेल ती मदत.