शुक्रवारचा जर्नल क्लब

आमच्या संभाजीनगरच्या लॅबमधे दर शुक्रवारी जर्नल क्लब असतो आणि मला विचाराल तर पीएचडीतलं निम्मं शिक्षण तिथंच होतं. एकानं ताजा पेपर घ्यायचा, एकेक फिगर उलगडून सांगायची, बाकीच्यांनी प्रश्नं विचारून भंडावून सोडायचं. ही पद्धत लई जुनी, विल्यम ऑस्लर या डॉक्टरनं 1875 मधे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात सुरू केली असं मानतात.

परवाच्या पेपरात वेस्टर्न ब्लॉट होता, म्हणजे सँपलमधलं ठराविक प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी. एकेका सँपलची एकेक लेन, म्हणजे उभा रकाना; पट्टी जाड तर प्रोटीन जास्त, आणि सगळी सँपलं सारखीच घेतलीत का हे कळायला खाली अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रोटीनची पट्टी असते, ती सगळीकडं सारखी दिसायला हवी. सगळे वरची पट्टी बघून प्रोटीन वाढलं म्हणायलेत, तेवढ्यात परभणीची आमची एमएस्सीची पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणली, सर, खालची अ‍ॅक्टिनची पट्टीपण तिसऱ्या लेनमधे जाडच आहे की, म्हणजे सँपलच जास्त लोड झालंय ना? सगळे गप्प. सर म्हणले, बरोबर बोललीस, चला पहिल्या फिगरपासून परत बघू. अशी सवय इथं लागली की पुण्या-बंगळूरला परिषदेत आपल्या कामाच्या पोस्टरसमोर उभं राहताना पाय लटपटत नाहीत.

गॉर्डन कॉन्फरन्स या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची रीत मला फार आवडते, तिथं फोटो न् रेकॉर्डिंगला बंदी, म्हणून लोक न छापलेला डेटापण मोकळेपणानं दाखवतात, आणि दुपार गप्पांसाठी मुद्दाम मोकळी ठेवतात. आपल्याकडं बऱ्याचदा सत्कार, शाल-श्रीफळ यातच सकाळ जाते आणि पोरांच्या पोस्टरला जेवणाच्या सुट्टीतला वेळ मिळतो. आयोजकांना कळकळीनं सांगणंय, पोस्टरला पूर्ण दुपार द्या आणि पाहुण्यांना पोरांसोबत चहाला बसवा.