पेटीच्या वर्गात पुलं कशाला?

"सर, तुम्ही पेटी शिकवता, मग दर दोन दिवसांनी पुलंचं नाव का निघतं? ते तर विनोदी लेखक ना?" हे मला विद्यार्थी विचारतात, त्यांना सोडायला येणारे पालकही विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

माझ्या लेखी पु. ल. देशपांडे आधी पेटीवाले, बाकी सगळं नंतर. १९१९ साली मुंबईत जन्मलेला आणि पार्ल्यात वाढलेला हा मुलगा शाळकरी वयात बालगंधर्वांसमोर पेटी वाजवून शाबासकी घेऊन आला होता. लेखक म्हणून नाव व्हायच्या कितीतरी आधी बोटं स्वरांवर बसली होती.

माझ्याकडे येणारं लहान मूल पहिल्या काही आठवड्यांतच 'नाच रे मोरा' वाजवायला मागतं. गाणं गदिमांचं, आवाज आशाताईंचा, चित्रपट 'देवबाप्पा', साल १९५३. चाल पुलंची आहे हे सांगितलं की आईवडील चमकतात. ही चाल मी वर्षानुवर्षं शिकवतोय आणि तिच्याबद्दलचा माझा आदर वाढतच चाललाय. मुलाच्या गळ्याला पेलेल एवढीच तिची झेप आहे, कुठे अवघड वळण नाही. नाचणाऱ्या पोराचा श्वास जिथे संपतो तिथेच ओळ संपते. सोपी चाल बांधणं फार कठीण असतं, कारण लपायला जागाच नसते. आणि त्याच १९५३ साली 'गुळाचा गणपती' आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं पुलंचं. त्यात भीमसेन जोशींच्या गळ्यातून 'इंद्रायणी काठी' आलं. एका टोकाला मोर, दुसऱ्या टोकाला विठ्ठल, आणि दोन्हीकडे चाल देणारा माणूस एकच. पुढे पाडगावकरांचे शब्द आणि अभिषेकीबुवांचा आवाज घेऊन 'माझे जीवन गाणे' आणि 'शब्दावाचून कळले सारे' झाली. कोणता गळा समोर आहे हे आधी ऐकायचं आणि मग चाल द्यायची, हे मला या सगळ्यात दिसतं. साथीदाराचा कान असल्याशिवाय हे जमत नाही.

आता रेडिओची गोष्ट. ती मी वर्गात हटकून सांगतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. कारण असं दिलं जायचं की पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, त्यात श्रुती, म्हणजे दोन स्वरांमधले बारीक सूर, नाहीत, आणि मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. पेटीवर मींड निघत नाही, हे मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो. पण त्यासाठी वाद्यालाच दाराबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आणि पुलं आकाशवाणीच्या नोकरीत गेले १९५५ साली, म्हणजे बंदी भर जोरात असताना. ज्या वाद्यावर त्यांचा जीव, त्याला ते जिथे नोकरी करत तिथेच प्रवेश नव्हता. तरीही त्यांनी पेटी सोडली नाही. वसंतराव देशपांडे त्यांचे जिवलग मित्र. त्यांच्या मैफलीत पुलं साथीला बसत.

रेडिओनंतर दूरचित्रवाणी. बीबीसीत प्रशिक्षण घेऊन ते दिल्लीला गेले. १९५९ साली आपल्याकडे दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि तिच्यावर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पुलंनी. पुढच्या काळात एकपात्री प्रयोग, नाटकं, प्रवासवर्णनं, दानधर्म, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पण साथीचा मुद्दा पूर्ण करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. साथ करणाऱ्याला गायकाच्या मागे एक पाऊल राहावं लागतं. गायक कुठे जाणार याचा अंदाज बांधायचा, तो पोचला की त्याला सूर द्यायचा, तो थांबला की मोकळी जागा भरायची. आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडायच्या, हे सगळ्यांत अवघड. 'बटाट्याची चाळ'चं ध्वनिमुद्रण लावा आणि शब्दांकडे थोडं दुर्लक्ष करून फक्त थांबे ऐका. हशा चढतो, तो उतरायला लागतो, आणि पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य येतं. ना लवकर, ना उशिरा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं येणं म्हणतात ते हेच. प्रेक्षकांची साथ करत करत हा माणूस बोलत होता, असं मी अगदी मनापासून मानतो. केवळ बुद्धी तल्लख असून हे येत नाही. त्यासाठी बरीच वर्षं दुसऱ्याच्या गाण्यामागे बसावं लागतं.

म्हणून वर्गात बोटं नीट पडायला लागलेल्या मुलांना मी एक काम देतो. घरी पुलंचं एखादं कथाकथन ऐकायचं आणि मांडीवर हाताने ठेका धरून ते कुठे थांबतात ते टिपायचं. मग दुसऱ्या दिवशी जो गाणार असेल त्याच्या मागे बसायचं आणि पहिला अंतरा संपेपर्यंत बोटं उचलून नुसता भाता हलवायचा. मुलं वैतागतात, "सर, वाजवू द्या ना" म्हणतात. तुमची मुलगीही परवा म्हणाली. तिला या आठवड्यात 'शब्दावाचून'च्या साथीला बसवणार आहे.