खोक्यावर १६५, डोळ्यांना ६०

पहिल्या पावसाच्या आठवड्यात मी म्हापशाहून डिचोलीला २७ इंची मॉनिटर आणला. कदंबच्या बसमध्ये मांडीवर खोकं, खोक्यावर प्लास्टिक, आणि शेजारच्या काकींची ओली छत्री माझ्या गुडघ्याला टेकलेली. खोक्यावर दोन आकडे ठळक होते, १६५ हर्ट्झ (पडदा सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतो) आणि १ एमएस (पिक्सेलला रंग बदलायला म्हणे एवढा एक मिलिसेकंद लागतो). आठ वर्षं साठ हर्ट्झवर काढली होती, त्यामुळे लावल्याबरोबर डोळे दिपतील असं वाटलं होतं. काउंटर-स्ट्राइक हा गेम सुरू केला, माउस गर्रकन फिरवला, आणि फरक शून्य.

पहिली चूक माझीच. विंडोज नवा मॉनिटर साठवरच चालवत होतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’त गेलो, तर यादी १४४ ला संपत होती. खोक्यातली केबल एचडीएमआयची होती आणि या मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट त्याच्या पूर्ण रिझोल्यूशनला, म्हणजे १४४० पी ला, १४४ च्या पुढे जात नाही. डिस्प्लेपोर्टची केबल आणली तेव्हा कुठे १६५ दिसले. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे काळ्या डेस्कटॉपवर कर्सर भराभर गोल फिरवायचा. साठवर बाणांच्या प्रतिमा एकमेकींपासून दूर दूर पडतात, १६५ वर दाट.

हालचाल आता लोण्यासारखी झाली, पण धूसरपणा गेला नाही. मग ब्राउझरमध्ये यूएफओवाली चाचणी उघडली, जिच्यात उडत्या तबकडीचं चित्र पडद्यावर आडवं सरकत राहतं, आणि तिथेच दोन रात्री गेल्या. यूएफओ सेकंदाला ९६० पिक्सेल सरकतो. साठवर एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, सुमारे १६.७ मिलिसेकंद जागीच उभी राहते. डोळा मात्र थांबत नाही, तो यूएफओच्या मागे सरकतच असतो. तेवढ्या वेळात त्याने १६ पिक्सेल अंतर काटलेलं असतं, म्हणून चित्र पडद्यावर स्वच्छ असूनही डोळ्याच्या पडद्यावर १६ पिक्सेल फासलं जातं. १२० ला हे ८ होतं, २४० ला ४, आणि माझ्या १६५ ला सहाच्या आसपास. पटत नसेल तर नजर पडद्याच्या एका बिंदूवर खिळवून यूएफओ समोरून जाऊ द्या, आणि मग त्याच्या मागे नजर फिरवा. दोन्ही वेळा धूसरपणा वेगळा दिसतो. मॉनिटर तर तोच आहे!

पण हा हिशेब पिक्सेल क्षणात रंग बदलतो असं धरून आहे, आणि माझे पिक्सेल आळशी निघाले. यूएफओमागे काळपट ओघळ राहत होता, ओल्या कागदावर शाई सांडल्यासारखा. मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’ सापडलं, पिक्सेलला रंग बदलायला जोर लावणारं. सगळ्यात वरच्या पायरीवर नेलं, कारण १ एमएसचा तो दावा तिथलाच, तर ओघळ कमी झाला पण यूएफओच्या शेपटीला पांढरट कड आली. पिक्सेलला इतक्या जोरात ढकललं की तो हव्या त्या रंगापलीकडे जाऊन परत येत होता. मधली पायरी बरी निघाली. ‘कोणती पायरी चांगली’ असं मला विचारू नका, प्रत्येक मॉनिटरवर ते वेगळं असतं. शिवाय मॉनिटर अर्धा तास तापल्यावरच तपासा, थंड द्रवस्फटिक सुस्त असतात. आमच्याकडे तापायला अर्धा तासही लागत नाही म्हणा.

काळ्यातून राखाडीत जाताना ओघळ तरीही उरलाच. माझा पडदा व्हीए या प्रकारच्या एलसीडी पॅनेलचा, आणि हा त्या पॅनेलचा जुनाच रोग. काळा रंग देखणा असतो, पण अंधारातून बाहेर पडायला पिक्सेल एका फ्रेमपेक्षा जास्त वेळ घेतात. दुकानात फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, “पिक्सल मेल्लो ना न्हय? मागीर डिफेक्ट कसलो?” (पिक्सेल मेलेला नाही ना, मग दोष कसला?) नियमाने त्याचं बरोबर असेलही. पण १ एमएस हा आकडा कोणत्या रंगातून कोणत्या रंगात जाताना मोजला, ते खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला राग आला तो त्याचा.

शेवटचा उपाय स्ट्रोबिंग. मागचा दिवा दर फ्रेमला क्षणभरच लागतो, मधे अंधार. फ्रेम कमी वेळ दिसते, म्हणून डोळ्याला फासायला वाव मिळत नाही. मी रिफ्रेश रेट १२० वर आणला, गेमचे फ्रेमही १२० लाच बांधले (ते कमी पडले की प्रतिमा दुहेरी दिसते), आणि यूएफओच्या खिडक्या पहिल्यांदा मोजता आल्या. बदल्यात उजेड बराच उतरला आणि या मॉनिटरवर व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलत ठेवणारी सोय) बंद ठेवावं लागलं.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आत आले. “जुन्या टीव्हीवर क्रिकेटचा चेंडू असाच स्वच्छ दिसायचा,” म्हणाले. मी हसलो नाही, कारण ते खरंच आहे. पिक्चर ट्यूबवर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझायचा, हे स्ट्रोबिंग त्याचीच नक्कल. मग ते जरा वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “पण एवढा काळोख कशाला?”

आता खेळताना १२० आणि स्ट्रोबिंग, तेही खिडकीचा पडदा ओढून. बाकी वेळ १६५. काळोख्या बोगद्यात कोणी धावलं की तो शाईचा ओघळ अजून दिसतो.