चेटकिणीच्या प्रेमकथेला बीटा रीडर हवेत
आजचा अख्खा दिवस माझ्या कादंबरीसाठी बीटा रीडर (प्रकाशनाआधी मसुदा वाचून मत देणारे वाचक) शोधण्यात गेला. चेटकीण म्हटलं की लोक भयकथाच समजतात! म्हणून विनंतीतच स्पष्ट लिहावं: हलकीफुलकी प्रेमकथा, रक्तपात नाही, शेवट गोड, शब्द ७० हजार, मुदत ४ आठवडे. ५ जण हवे असतील तर ८-१० जणांना विचारा, काही मध्येच गळतात. आधी ३ प्रकरणंच पाठवा.

‘कशी वाटली?’ विचारलं की ‘छान’ एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: वाचताना कुठे कंटाळलात? या दोघांचं जुळणार असं पहिल्यांदा कुठल्या प्रसंगात वाटलं? अडचण मंत्राने फुकटात सुटली का? (या प्रकारात हीच चूक सर्रास होते.) तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तो प्रसंग पुन्हा लिहा. घरच्यांना मात्र देऊ नका, ते कौतुकच करतात.