एका झिजलेल्या नाण्याचं साल शोधताना

बोलोन्याला नोकरीसाठी आल्यापासून मी जुन्या वस्तूंच्या बाजारात हमखास चक्कर मारतो. तिथेच इटलीच्या तांब्याच्या नाण्यांच्या ढिगात एक काळंकुट्ट नाणं सापडलं. राजाचा मुखडा दोन्ही बाजूंना दिसेना, म्हणून घेतलं.

घरी हात आधी चिंचेकडेच गेला. तांब्याची भांडी आपण तशीच उजळतो. पण आंबटाने नाण्यावरचा जुना थर निघून जातो आणि पुन्हा येत नाही. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन दिवस भिजवलं, पाणी बदलत राहिलो आणि मऊ ब्रशने कडेची माती सोडवली. हळूहळू अक्षरं वर आली : '…दि एस. मारिनो'. मधोमध तीन बुरूज, प्रत्येकाच्या माथ्यावर एक पीस. सान मारिनो!

चारी बाजूंनी इटली, मध्ये जेमतेम ६१ चौरस किलोमीटरचं हे प्रजासत्ताक. १८६१ मध्ये इटलीचं राज्य उभं राहिलं, १८६२ मध्ये दोघांत मैत्रीचा करार झाला आणि १८६४ मध्ये सान मारिनोने आपलं पहिलं नाणं काढलं : तांब्याचं, ५ चेंतेझिमींचं (चेंतेझिमो म्हणजे लिराचा शंभरावा भाग). स्वतःची टांकसाळ नव्हती, त्यामुळे ते मिलानला पाडून घेतलं. माप मात्र इटलीच्याच नाण्याचं, ५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर. व्यवहाराला इटलीची नाणी होतीच. तरीही त्यांना आपलं नाव आणि आपले बुरूज हवे होते. मला हे फार मोलाचं वाटतं. चांदीची नाणी यायला १८९८ उजाडलं. त्यातलं ५ लिरांचं, २५ ग्रॅमचं नाणं एका दुकानदाराने मला हातात घेऊ दिलं. त्यावर संत मारिनो उभे आहेत, परंपरेनुसार पाथरवट असलेले संस्थापक.

माझ्या नाण्यावर '१८६' एवढंच वाचता येत होतं. अगदी असंच नाणं १८६९ मध्येही निघालं होतं, तेही मिलानचंच. वजन केलं, ४.८ ग्रॅम भरलं. पण दोन्ही साली माप एकच, तेव्हा त्याने निकाल लागेना.

शेवटी रात्री खोलीतले दिवे मालवले आणि टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडला. नाणं बोटभर फिरवत गेलो. एका कोनात शेवटच्या आकड्याची सावली पडली : उभा दांडा, आणि त्याला छेदून उजवीकडे किंचित बाहेर आलेली आडवी रेघ. इंग्रजी नऊला अशी रेघ नसते. भिंगाखाली तीनदा पाहिलं, मग कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं : सान मारिनो, १८६४.