तुतीची शेतं आणि आमची खारजमीन

घणसोलीच्या आमच्या घरात आजोबांचा कोयता अजून आहे. खाडीकाठच्या खारजमिनीत ते भात लावायचे. भरतीचं पाणी अडवायला बांध आणि पावसाचं पाणी सोडायला उघाडी. बांध फुटला की रात्री अख्खं गाव चिखलात उतरायचं. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे शेती संपली. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात लागले.

म्हणूनच जपानच्या कोरोमो गावाबद्दल वाचताना मी थांबलो. तिथे तुती लावायचे, रेशमाचे किडे पाळायचे. ते रेशीम मुख्यतः अमेरिकेत जायचं. 1929 नंतर जगभर मंदी आली, रेशमाचे भाव कोसळले आणि गावाचा कणाच मोडला. मग 1938 मध्ये टोयोटाचा मोटार कारखाना तिथल्या माळावर सुरू झाला. ही कंपनीसुद्धा मुळात यंत्रमाग बनवणाऱ्या कारखान्यातून निघालेली! 1959 मध्ये शहराने स्वतःचं नाव बदलून टोयोटा ठेवलं.

नाव बदललं हे मला फार लागलं. आमच्या गावाचं नाव निदान स्टेशनच्या पाटीवर तरी राहिलं.

पण त्या शहराच्या हद्दीत आजही सुमारे 70 टक्के जंगल आहे, आणि सानागे भागात पीच आणि नाशपाती पिकतात. हे बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथं भात लावतात का रे अजून?"

लावतात, बाबा.